पेव रिकामे राहू नये म्हणून

(जपानमधील आगळ्यावेगळ्या गोष्टींच्या निमित्ताने सातारा-सांगली परिसराकडे नव्या नजरेने पाहायला लावणाऱ्या, सातारा येथील एका व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



जपानविषयी बोलायचे म्हटले की, आपल्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. वेळेवर धावणारी गाडी, लखलखीत रस्ते, वाकून नमस्कार करणारी माणसे. ही चित्रे खोटी नाहीत. पण ती आता इतकी परिचयाची झाली आहेत की, त्यांतून नवे काही शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही. जिज्ञासू प्रवासी मळलेली वाट सोडून थोडा आडवाटेला जातो. तेथे काय खातात, काय जपतात, कशासाठी थांबतात, याकडे त्याचे लक्ष असते. आज आपण त्या आडवाटेने थोडे जपानमध्ये हिंडू आणि त्याच वाटेने परत आपल्या कृष्णाकाठी येऊ. कारण जपानमध्ये जाऊन जे पाहावेसे वाटते, त्याच जातीचे पुष्कळसे आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आहे. फरक आहे तो ते जपण्याच्या रीतीत.

क्योतोचा मोदक

सुरुवात गोडाने करू. क्योतो शहरात कामेया कियोनागा नावाचे मिठाईचे एक जुने दुकान आहे. ते स्थापन झाले १६१७ साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्याही आधी. या दुकानात 'सेइजो कान्किदान' नावाचा एक पदार्थ मिळतो. पिठाच्या पारीत गोड सारण भरायचे, त्यात सुगंधी द्रव्ये घालायची, वरून चुण्या एकत्र बांधून पुरचुंडीसारखा आकार द्यायचा आणि तिळाच्या तेलात तळायचे. हे वर्णन ऐकताच आपल्या माता-भगिनी ओळखतील की, हा तर तळणीचा मोदक! आणि ते खरेच आहे. भारतातून निघालेली ही मिठाई चीनमार्गे, बौद्ध उपासनेबरोबर, सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी जपानला पोहोचली. तेथे आपला गणेश 'कांगितेन' या नावाने पूजिला जातो. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा येथे त्याचे प्रसिद्ध देवस्थान आहे आणि भक्त त्याला चक्क पांढरा मुळा अर्पण करतात. आपली सरस्वती तेथे 'बेंझाइतेन' झाली. तिच्या हातात वीणेऐवजी 'बिवा' हे जपानी तंतुवाद्य आले.

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातले. ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून १९१५ साली क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानला पोहोचले. टोकियोच्या शिंजुकू भागातील 'नाकामुराया' या बेकरीचे मालक असलेल्या सोमा दांपत्याने त्यांना आसरा दिला आणि पुढे त्यांच्याच कन्येशी, तोशिकोशी, रासबिहारींचा विवाह झाला. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा तेथे रासबिहारींच्या पद्धतीची भारतीय करी वाढली जाऊ लागली. जपानमध्ये त्यापूर्वी करी मिळत होती, पण ती इंग्रजांच्या वळणाची होती. आपल्या देशाची खरी चव कशी असते, हे या फरारी देशभक्ताने टोकियोकरांना दाखवले. ती करी नाकामुराया आजही वाढते.

या दोन्ही गोष्टी ऐकल्या की आपली मान ताठ होते. स्वाभाविकच आहे. परंतु बहुधा आपण तेथेच थांबतो. 'आपले तेथे गेले' एवढ्यावर समाधान मानतो आणि पुढचा प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न असा की, तो मोदक इतकी शतके टिकला कसा? ती करी जवळजवळ शंभर वर्षे तशीच राहिली कशी? उत्तर साधे आहे. दर पिढीत कोणी तरी हातांनी ती करत राहिले आणि कोणी तरी ती विकत घेत राहिले. परंपरा टिकते ती अशा हातांमुळे. अभिमानाने त्या हातांना बळ येते, पण हातांची जागा अभिमान घेऊ शकत नाही. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे सार एवढेच आहे. बाकी सारी उदाहरणे.

हरिपूरचे पेव

करीत हळद असते आणि हळद म्हटले की सांगली. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. संगमेश्वराचे देऊळ आणि 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण जिज्ञासू प्रवाशाने तेथे आणखी एक गोष्ट पाहावी: हळदीची पेवे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद, खोली दोन-तीन पुरुष. तळाला आणि कडांना उसाचा पाला व चटया लावायच्या, त्यात वाळवलेली हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. हरिपूरची माती अशी घट्ट की, त्या पेवांची भिंत ढासळत नसे आणि ओलही आत शिरत नसे. आतला प्राणवायू संपला की किडीचाही प्रश्न मिटला. वर्षानुवर्षे हळद जशीच्या तशी राहायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, तोंड मोकळे ठेवून काही तास थांबायचे, नाही तर उतरणाऱ्याचा जीव गुदमरायचा. विजेचा एक दिवा नाही, औषधाची एक चिमूट नाही, आणि हजारो पोती हळद सुरक्षित. कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे हे ज्ञान शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या वापरले. आपल्या भाषेत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आला तो असल्याच भरल्या कोठारांवरून.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले. हळदीचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले, आणि बहुतेक पेवे बुजली किंवा ओस पडली. व्यापाऱ्यांना यात दोष देता येणार नाही; ज्याचे पैसे बुडाले, त्याला परंपरेचे प्रवचन ऐकवण्यात अर्थ नसतो. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीला नाव मिळाले ते पेवे ओस पडू लागल्यानंतर. मातीची पारख करून पेव खणणारे, ते भरणारे आणि त्यात उतरणारे हात आता थोडे उरले आहेत.

दर वीस वर्षांनी नवे मंदिर

अशा प्रसंगी जपानी समाज काय करतो? येथे जपानमधील सर्वांत आगळे तीर्थस्थान पाहू. इसे येथे सूर्यदेवता अमातेरासूचे महामंदिर आहे. लाकडी आणि गवताने शाकारलेले. दर वीस वर्षांनी, शेजारीच राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेवर, तसेच मंदिर पुन्हा उभारले जाते, देवता तेथे नेली जाते आणि जुने मंदिर उतरवले जाते. पहिली पुनर्बांधणी इसवी सन ६९० मध्ये झाली. मधल्या यादवीच्या काळात खंड पडला, तरी प्रथा पुन्हा उचलली गेली. २०१३ साली झालेली पुनर्बांधणी बासष्टावी होती. पुढची २०३३ मध्ये व्हायची आहे.

वीसच वर्षे का, याची अनेक उत्तरे दिली जातात. त्यांतले एक मला फार मोलाचे वाटते. विशीतला सुतार पहिल्या खेपेला शिकाऊ असतो. चाळिशीत तो मुख्य कारागीर होतो. साठीत तो इतरांना शिकवतो. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात ते ज्ञान तीनदा हातातून जाते. दगडाचे मंदिर बांधले असते तर ते हजार वर्षे राहिले असते, पण बांधणारे राहिले नसते.

दुसरी व्यवस्था कायद्याची. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्याच्या आधारे जपान सरकार कुंभार, विणकर, तलवार घडवणारे, नाट्यकलावंत अशा असामान्य कसबी माणसांना मानाचे स्थान देते. लोक त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. त्यांना दरवर्षी वीस लाख येन मिळतात आणि त्यामागची अपेक्षा एकच असते: कला वाढवा आणि पुढच्याला शिकवा.

हे वाचून सरकारने इकडेही असे करावे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण नाकामुरायाची करी सरकारने टिकवलेली नाही. ती गिऱ्हाइकांनी टिकवली.

मिरजेची तार

आता हरिपूरहून मिरजेला येऊ. अंतर थोडे आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले की कोरलेले लाकूड, टांगलेले भोपळे आणि मधूनच छेडलेली तार, असे एक वेगळेच जग समोर येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रे घडवणाऱ्या व धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे वाद्ये घडवायला प्रारंभ केला. संस्थानांच्या लढाया संपल्या होत्या, शस्त्रांना मागणी उरली नव्हती. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तोच हात तंतुवाद्यांकडे वळला. तलवार घडवणाऱ्या हाताने तंबोरा घडवावा, यापेक्षा विलक्षण परिवर्तन कोणते सांगावे!

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठावरून येतो. तो जाड सालीचा आणि योग्य घेराचा निवडावा लागतो, महिनोन् महिने वाळवावा लागतो. मग दांडी, तबकडी, खुंट्या, नक्षी. सर्वांत अवघड काम शेवटी येते ते 'जवारी' काढण्याचे. घोडीचा माथा कानशीने इतका सूक्ष्म घासायचा की, तार त्यावर टेकताच तिच्यातून सुरांचे वलय उमटावे. याला मोजपट्टी नाही. कान हेच माप. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यामागे येथल्या वातावरणाबरोबर ही वाद्येही होती. देशभरच्या मैफलींत मागे जो तंबोरा झंकारतो, तो पुष्कळदा मिरजेचा असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकन मिळाले हे उत्तमच. पण खिशात मावणारा यांत्रिक तंबोरा आल्यापासून खऱ्या तंबोऱ्याचे गिऱ्हाईक कमी झाले. जवारी काढायला शिकण्यात उमेदीची अनेक वर्षे जातात. तेवढी वर्षे घालवून पोट भरणार नसेल, तर कारागिराचा मुलगा ते का शिकेल? हा प्रश्न भावनेचा नाही, हिशोबाचा आहे, आणि त्याचे उत्तरही हिशोबातच द्यावे लागेल. गाणे शिकणाऱ्या मुलाच्या घरी एक तरी मिरजेचा तंबोरा असावा, एवढे जरी आपल्या सुशिक्षित कुटुंबांनी ठरवले, तरी त्या गल्लीचे चित्र बदलेल.

गाडीतली शिदोरी

खाण्याकडे पुन्हा येऊ, कारण प्रवाशाला भूक लागतेच. जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर 'एकिबेन' मिळते. 'एकि' म्हणजे स्थानक आणि 'बेन' म्हणजे डबा. गंमत अशी की, प्रत्येक भागाचा डबा वेगळा. समुद्रकाठी खेकड्याचा, डोंगरात अळंब्यांचा, कोठे मातीच्या छोट्या भांड्यातला भात. लोक केवळ डब्यासाठी वाट वाकडी करतात. त्याच वृत्तीतून ओइता प्रांताचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सू यांनी १९७९ साली 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ उभी केली. प्रत्येक गावाने आपले एक वैशिष्ट्य निवडायचे आणि ते जगात नेण्याच्या तोडीचे करायचे. जपानी माणूस 'नात्तो' नावाचे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन सकाळी मिटक्या मारीत खातो. परक्याला त्या वासानेच नको होते. पण तो ते लपवत नाही, त्याची लाज बाळगत नाही. पाहुण्यापुढे ठेवतो आणि तो काय म्हणतो ते कौतुकाने पाहतो.

पुणे-मिरज लोहमार्ग डोळ्यांसमोर आणा. सातारा, कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. कोरेगावचा वाघ्या घेवडा पट्टेदार, चवीला गोडसर. त्याला २०१६ साली मानांकन मिळाले. कराड ही गुळाची मोठी पेठ; हंगामात गुऱ्हाळावरची ताजी काकवी आणि त्यावर तुपाची धार. तासगाव परिसरातला बेदाणा. जाळीच्या छपराखाली थरांवर थर द्राक्षे वाळत असतात, हे दृश्यही मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे. त्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते त्याआधी, २०१० साली मिळाले होते. साताऱ्याचा कंदी पेढा, खवा तांबूस होईपर्यंत परतलेला, साखर बेताची. सांगलीचे लसणाच्या झणझणीत फोडणीचे भडंग. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवरचा आख्खा मसूर. माणदेशातील हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे, दुष्काळाने शिकवलेले, कमी पाण्यात येणाऱ्या कडधान्याचे पौष्टिक अन्न.

एवढे सगळे असताना या मार्गावरच्या प्रवाशाला बहुधा वडापाव आणि चहा मिळतो. हॉटेलात बसलो तर पनीर मागवतो. पाहुणा आला तर त्याच्यापुढे माडगे ठेवायला संकोचतो, कारण ते गरिबाचे अन्न असे आपल्या मनात बसले आहे. नात्तो हे कोणत्या राजाचे अन्न होते? अन्नाला प्रतिष्ठा खाणारा देतो. आपल्या महिला बचत गटांनी एका एका स्थानकाची शिदोरी ठरवली, पळसाच्या पानात बांधली आणि आत त्या गावाची चार ओळींत माहिती ठेवली, तर ते केवळ जेवण राहणार नाही.

पाहण्यासारखे, पण कसे पाहावे?

आता स्थळांकडे. गड-किल्ले, सज्जनगड, महाबळेश्वर ही नावे आपणास सांगायला नकोत. थोड्या आडवाटेच्या जागा सांगतो.

साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात, शाहू छत्रपतींच्या राजवटीत वीरूबाई भोसले यांनी ती आमराईसाठी बांधली. वरून पाहिले तर शिवलिंगाचा आकार. पायऱ्या उतरून आत गेले की विहिरीतच कोरीव खांबांचा छोटा महाल. पाणी उपसण्याची सोय आणि राजसभेची शोभा एकाच वास्तूत सामावलेली.

वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन आपण सारेच घेतो. १७६२ साली सरदार रास्ते यांनी बांधलेल्या या मंदिराच्या मागे जाऊन किती जण पाहतात? मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन बाजूंनी निघून जातो. नदीच्या पात्राशी मंदिर बांधायचे, तर नदीशी भांडायचे नाही, तिला वाट द्यायची, हे त्या बांधणाऱ्याला ठाऊक होते. जपानच्या इवाते प्रांतात आनेयोशी नावाची वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तेथे शिला रोवली गेली: या खुणेच्या खाली घरे बांधू नका. गावाने ते ऐकले आणि २०११ च्या प्रलयात तेथील घरे वाचली. वाईची ती भिंत ही आपली शिला आहे. सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजली जाते; ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. नदीच्या जागेत आपण किती शिरलो आहोत, हे या आकड्यांतून वाचायचे असते. जुनी वास्तू केवळ छायाचित्रासाठी नसते, ती काही सांगत असते.

वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तेथील मोठी घंटा १७३९ च्या वसईविजयाची आठवण आहे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही या छोट्या गावात आहे. त्याच औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. जगभरचे लोक तुरुंगसुधारणेचे धडे शोधत फिरतात. आपल्याकडे तो धडा माणदेशाच्या माळावर आहे.

सात वाजताचा भोंगा

काही गोष्टी पाहायच्या नसतात, अनुभवायच्या असतात. जपानच्या अनेक गावांत संध्याकाळी पाचच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून एक बालगीताची धून वाजते. आपत्तीच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, याची रोजची तपासणी त्यातून होते आणि मैदानावरच्या मुलांना कळते की, आता घरी जायचे. सारे गाव एका सुरावर क्षणभर थांबते.

आता कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव पाहा. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी बंद. मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा एकमेकांशी बोलायला. वरून आदेश आला नव्हता, ग्रामस्थांनीच ठरवले. महाबळेश्वरच्या वाटेवरचे भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तेथे घरोघरी पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन वाचत बसावे. स्ट्रॉबेरी खाऊन परतणारी किती कुटुंबे तेथे तासभर थांबतात? पौषात कराडजवळच्या पालीला खंडोबा-म्हाळसेचा विवाह लागतो, तेव्हा उधळलेल्या भंडाऱ्याने माणसे, वाटा, नदीकाठ सारे पिवळे होते.

मात्र अनुभव घेणाऱ्यालाही शिस्त हवी. जपानच्या उष्ण झऱ्यांच्या स्नानगृहात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे लागते. पाणी सर्वांचे आहे, हा त्यामागचा विचार. पण पर्यटकांचा लोंढा वाढला तेव्हा त्या सोशिक देशालाही कठोर व्हावे लागले. क्योतोच्या गिओन वस्तीतील खासगी बोळांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी झाली, मोडल्यास दहा हजार येन दंड. आपल्या कासचे काय? २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींच्या जाती आहेत. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. कातळावरच्या बोटभर मातीत हे सारे जगते. एका पावलाखाली किती जीव चिरडतात, हे चालणाऱ्याला दिसतही नाही. प्रवेशसंख्येला मर्यादा घालावी लागली, त्याचे कारण आपणच आहोत. फुलांमध्ये लोळून छायाचित्र काढणारा माणूस पर्यटक असेल, यात्रेकरू नव्हे. आपल्या पूर्वजांनी प्रवासाला 'यात्रा' म्हटले, कारण यात्रेला निघणारा आधी नियम घेतो.

बाहुल्यांचे गाव

जपानची सारीच बाजू उजळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. शिकोकू बेटावर, इया खोऱ्यात नागोरो नावाचे गाव आहे. तरुण शहरांकडे गेले, वृद्ध एकेक करून निवर्तले आणि गाव रिकामे झाले. गावी परतलेल्या एका महिलेने गेलेल्या माणसांच्या जागी त्यांच्यासारख्या बाहुल्या करून ठेवायला सुरुवात केली. शेतात बाहुल्या, थांब्यावर बाहुल्या, बंद पडलेल्या शाळेच्या बाकांवरही बाहुल्या. आज तेथे माणसांपेक्षा बाहुल्या कितीतरी पटीने अधिक आहेत. जगभरचे प्रवासी ते पाहायला जातात. मला विचाराल तर, इतके करुण प्रेक्षणीय स्थळ दुसरे नसेल.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातील घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेला. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या कौशल्याने त्यांनी दुष्काळावर मात केली, घरे उभी केली, गावच्या यात्रांना ते आवर्जून येतात. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण गावात वर्षभर कोण राहते, शेंगोळे कोण वळते, ओव्या कोणाला येतात, हाही प्रश्न आहे. गाव सोडून गेलेल्याला परत बोलावणे आपल्या हाती नसेल, परंतु राहिलेल्याचे कसब चार पैसे मिळवून देईल, असे करणे नक्की आपल्या हाती आहे.

म्हणून शेवटी तीन साध्या गोष्टी सुचवतो. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन दिवस याच दोन जिल्ह्यांत हिंडा आणि जेथे जाल तेथे वस्तू पाहण्याआधी ती करणाऱ्या माणसाशी बोला. दुसरे, कारागिराशी घासाघीस करू नका. मॉलमध्ये न बोलता पैसे देणारे आपण, जवारी काढणाऱ्यापुढे मात्र हुशारी दाखवतो. तिसरे, आपल्या घरातील आजीला येणारा एक पदार्थ या वर्षी तिच्या हाताखाली शिकून घ्या. लिहून ठेवणे पुरेसे नाही. करून पाहा, कारण जवारीप्रमाणेच फोडणीचेही माप कागदावर उतरत नाही.

आणि एक काम सर्वांनी मिळून करण्याजोगे आहे. हरिपूरला पूररेषेचा विचार करून, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, एक तरी पेव दरवर्षी हळदीने भरले जावे आणि उघडले जावे. व्यापारासाठी नव्हे, शिकण्यासाठी. गावातील दोन-चार तरुणांनी मातीची पारख, पाल्याचा थर, तोंड बंद करण्याची रीत आणि आत उतरण्याची सावधगिरी जाणत्यांकडून हाताने शिकून घ्यावी. २०३३ साली इसेचे मंदिर पुन्हा नवे उभे राहील; ते बांधणारे तरुण सुतार आज कोठेतरी रंधा मारायला शिकत असतील. त्या वर्षी एखादा जपानी प्रवासी कुतूहलाने हरिपूरला आला, तर त्याला बुजलेला खड्डा दाखवून 'येथे पूर्वी पेव होते' असे सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. पेवाचे तोंड उघडून, थोडे थांबून, आतली हळद त्याच्या तळहातावर ठेवता यावी.